उन्हाची जाणीव नेमकी कुणाला नाही?

मार्च उजाडला की सरकारी कपाटातली एक जुनी फाइल बाहेर येते. चौकांत फलक लागतात, आकाशवाणीवरून सूचना होतात, मोबाइलवर संदेश फिरू लागतात : दुपारी बारा ते तीन घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सैल सुती कपडे वापरा, ताक-पन्हे घ्या. मृगाच्या सरी आल्या की फलक उतरतात आणि फाइल पुन्हा कपाटात जाते. याला आपण उष्माघाताविषयीची जनजागृती म्हणतो. एखाद्या वर्षी माणसे जास्त दगावली तर हीच जागृती आणखी व्हायला हवी होती, अशी हळहळ व्यक्त होते. या हळहळीच्या तळाशी एक समज आहे : माणसे अज्ञानाने मरतात, त्यांना नीट सांगितले तर ती वाचतील.

हा समज वरवरचा आहे. उन्हाचा धोका ज्यांना सर्वांत जास्त आहे, त्यांना तो सर्वांत जास्त ठाऊकही आहे. खरे अज्ञान दुसरीकडे आहे. कामाची वेळ, मंडपाचा खर्च, घराचे छप्पर आणि मृत्यूच्या दाखल्यावरचे कारण ज्यांच्या सहीने ठरते, त्यांच्यापर्यंत ही मोहीम पोहोचतच नाही. आपल्या जनजागृतीचा पत्ता चुकलेला आहे आणि तिचा मजकूरही अपुरा आहे, असे माझे म्हणणे आहे. ते मी क्रमाने मांडतो.

१. सल्ल्याच्या पोटातले गृहीतक

'दुपारी बाहेर पडू नका' या सल्ल्याने तीन गोष्टी धरून चाललेल्या असतात. ऐकणाऱ्याचा वेळ त्याच्या हातात आहे, काम थांबवल्याने त्याची मजुरी बुडत नाही, आणि आत जायला बाहेरपेक्षा थंड अशी जागा त्याच्याकडे आहे. या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, त्याला या सल्ल्याची फारशी गरज नसते. ज्याला गरज असते त्याच्याकडे यांतली एकही नसते.

वेळ हातात असला की माणूस काय करतो, ते पाहायला लांब जावे लागत नाही. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत ऐन उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम असतो. पाने तोडणारी कुटुंबे झुंजूमुंजू होताच जंगलात शिरतात, ऊन चढण्याआधी परततात आणि दुपार सावलीत पुडके बांधण्यात घालवतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातली शेतातली कामेही पहाटे सुरू होऊन ऊन तापायच्या आत उरकली जातात. डोक्याला दुपट्टा कसा बांधावा, उन्हातून आल्या आल्या गटागटा पाणी का पिऊ नये, याचे तिथल्या माणसांचे स्वतःचे शास्त्र आहे. ते त्यांना कुठल्याही फलकाने शिकवलेले नाही. पण शेतावरची एखादी मजूर बाई रस्त्याच्या कामावर गेली की भर दुपारी तापलेल्या डांबराशेजारी उभी राहते. तिची उन्हाबद्दलची माहिती चार दिवसांत कमी झालेली नसते. फक्त वेळ ठरवणारा माणूस बदललेला असतो.

मजुरी मोजण्याची पद्धतही इथे निर्णायक ठरते. वीटभट्टीवर हजार विटांमागे पैसे मिळतात, घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाला ऑर्डरमागे. अशा कामात झाडाखाली घालवलेली वीस मिनिटे म्हणजे स्वतःच्या हाताने कापलेली मजुरी असते. 'भरपूर पाणी प्या' हा सल्लाही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ज्या कामावर शौचालय नाही तिथे बायका जाणूनबुजून कमी पाणी पितात. पाण्याचे महत्त्व त्यांना कळत नाही असे नाही. त्या दोन त्रासांतला एक निवडतात, आणि निवडीला तिसरा पर्याय त्यांना कुणी ठेवलेला नसतो.

२. उष्णता मारते कशी

मजकूर अपुरा का आहे, हे समजण्यासाठी शरीराकडे वळावे लागेल. शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायला आपल्याकडे दोन मुख्य साधने आहेत : त्वचेकडे जास्त रक्त पाठवणे आणि घाम वाळवणे. पहिल्यासाठी हृदयाला जादा काम करावे लागते. दुसऱ्यासाठी हवा कोरडी लागते. हवेत दमटपणा असेल तर घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. आतले तापमान ४० अंशांपुढे गेले आणि मेंदूवर परिणाम दिसू लागला की त्याला उष्माघात म्हणतात. पण कितीतरी माणसे त्या टप्प्यापर्यंत जातच नाहीत. आधीच थकलेले हृदय, आधीच अधू झालेली मूत्रपिंडे या जादा कामाने कोसळतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना, मानसिक आजारांवरची काही औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या फलकांवर सहसा नसतात.

पहिली, धोका फक्त सूर्याचा नाही. श्रम करणाऱ्याच्या शरीरात स्नायूच उष्णता तयार करत असतात. बंदिस्त कारखान्यात, भट्टीजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये सावलीतही माणूस उष्माघाताने पडू शकतो.

दुसरी, रात्र महत्त्वाची आहे. दिवसभर ताणलेल्या हृदयाला सावरायला रात्रीचा थंडावा लागतो. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या भिंती रात्री ती उष्णता आत सोडतात, पत्र्याखालच्या एका खोलीत सहा माणसे झोपतात, आणि दुसरा दिवस पहिल्याचा थकवा घेऊनच उजाडतो. म्हणून लाटेचा तिसरा-चौथा दिवस पहिल्यापेक्षा घातक ठरतो.

तिसरी, उपाय प्रदेशागणिक बदलतात. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर वरदान ठरतो, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तोच कूलर खोलीत घुसमट वाढवतो. राज्यभर एकच मजकूर छापला जातो, तेव्हा तो निम्म्या राज्याला लागू नसतो.

३. आकडा काय सांगतो आणि काय झाकतो

आपली सारी सावधगिरी एका आकड्याभोवती फिरते : आजचे कमाल तापमान. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर, किनारपट्टीवर ३७ वर आणि डोंगराळ भागात ३० वर गेल्यावरच उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. त्यापुढे तो सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावा लागतो, किंवा मैदानी भागात थेट ४५ च्या घरात जावा लागतो. हे एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस घडले की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. पूर्वानुमानासाठी असा निकष लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हा आकडाच आपण धोक्याची सीमारेषा समजतो याबद्दल.

एक तर हा आकडा सावलीतला असतो. तापमापक जमिनीपासून वर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, मोकळ्या जागेत ठेवलेला असतो. स्लॅबवर उभ्या असलेल्या गवंड्याच्या अंगावर पडणारे थेट ऊन, खालून येणारी धग आणि हवेतला दमटपणा त्यात मोजला जात नाही. उष्ण रात्रीचा निकषही दिवसाचे तापमान ४० किंवा त्याहून अधिक असेल तरच लागू होतो. त्यामुळे मुंबईकराची चिकट, झोप उडवणारी रात्र बहुधा या व्याख्येत बसतच नाही.

आकड्यावर विसंबण्याची किंमत महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी मोजली. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंचा समुदाय जमला होता. समोर बसलेल्यांच्या डोक्यावर मंडप नव्हता. त्या दिवशी नोंदलेले तापमान चाळिशीच्या आत होते. चंद्रपूरच्या माणसाला हा आकडा उन्हाळ्यातला दिलासा वाटला असता. तरीही १४ जण मृत्युमुखी पडले. किनारपट्टीचा दमटपणा, दाटीवाटीची गर्दी आणि सावलीविना कित्येक तास, एवढ्यावर काम भागले. त्यांतल्या कुणालाही 'दुपारी उन्हात बसू नये' हे माहीत नव्हते, असे म्हणण्याचे धाडस कोण करेल? सोहळ्याची वेळ आणि मंडपाचा प्रश्न त्यांच्या हातात नव्हता.

'थंड' समजल्या जाणाऱ्या शहरांबाबतचा भ्रमही इथेच मोडतो. २००८ ते २०१९ या काळातील दहा भारतीय शहरांच्या मृत्युनोंदी तपासून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबई, बंगळूरू, कोलकाता या तुलनेने सौम्य शहरांत उष्णतेच्या लाटांचा मृत्यूंवरचा परिणाम अधिक तीव्र दिसला. धोका पाऱ्याच्या उंचीपेक्षा नेहमीच्या हवेपासून तो किती दूर गेला, यावर जास्त अवलंबून असतो.

४. जे मोजले जात नाही, त्याची भीती वाटत नाही

पूर आला की प्रेते दिसतात, दरड कोसळली की गाव दिसेनासे होते. उष्णता मागे काहीच ठेवत नाही. साठीचा माणूस दुपारी छातीत कळ येऊन जातो, दाखल्यावर हृदयविकाराचा झटका लिहिला जातो आणि उन्हाचे नाव कुठेही येत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२२ साली देशभरात उष्माघाताचे ७३० मृत्यू आहेत. आता दुसरी मोजणी पाहू. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे संशोधकांनी त्या महिन्यातल्या सर्व कारणांच्या मृत्यूंची आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी तुलना केली, तेव्हा एकट्या अहमदाबाद शहरात १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले. एका शहराच्या एका महिन्यात, अख्ख्या देशाच्या एका वर्षाच्या नोंदीच्या जवळपास दुप्पट. वर्षे वेगळी, मोजण्याची रीत वेगळी, हे धरूनही मधली दरी झाकता येत नाही. तापलेल्या दिवसांत एकूण मृत्यू किती वाढले, हे विचारल्याशिवाय उन्हाचे बळी सापडत नाहीत, आणि हा प्रश्न आपल्या महापालिका सहसा विचारत नाहीत.

ही केवळ सांख्यिकीची हौस नाही. आकडा लहान राहिला की तिजोरीही लहान राहते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यासाठी २०२१ ते २०२६ या काळाकरिता केंद्राने ठरवलेल्या १२ आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. राज्यांना स्थानिक आपत्ती म्हणून निधीचा १० टक्क्यांपर्यंतचा भाग वापरण्याची मुभा होती आणि काही राज्यांनी ती वापरली. पण देशाचा मोठा भाग ज्या हवेत दरवर्षी तीन महिने भाजतो, ती हवा राष्ट्रीय यादीत आपत्ती ठरू नये, यावरून जाणीव नेमकी कोणत्या पातळीवर कमी आहे ते कळते.

५. ज्यांनी जागे व्हायचे ते

पत्ता चुकला आहे असे म्हटल्यावर बरोबर पत्ता सांगणे भाग आहे. तो किमान चार ठिकाणचा आहे.

*काम देणारे.* आपल्या बांधकाम क्षेत्राला उष्णतेची उत्तम जाणीव आहे, पण ती काँक्रीटपुरती. हवेचे तापमान ४० अंशांवर गेल्यावर काँक्रीट कसे करावे, याचे भारतीय मानक १९७५ पासून अस्तित्वात आहे. खडीवर सावली धरतात, पाणी थंड ठेवतात, ओतकाम पहाटे किंवा संध्याकाळी घेतात, नंतर ओल्या गोणपाटाखाली ते दिवसेंदिवस भिजवत ठेवतात. स्लॅब एकदा भरायला घेतला की मध्ये थांबता येत नाही, हेही खरे, म्हणून तर वेळेचा निर्णय आदल्या दिवशी इंजिनिअरच्या टेबलावर होतो. सावली, थंड पाणी आणि कामाची सोयीची वेळ हे तिन्ही उपाय साइटवर आधीच हजर आहेत. ते ज्याच्या घमेल्यातून काँक्रीट जाते त्याला लागू करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचे काम बंद असते. ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला तर वर्षात कधीही काम थांबवावे लागते. तिथे राबणाऱ्या भारतीय कामगाराला परदेशात कागदावर तरी जो हक्क आहे, तो मायदेशी त्याच्या भावाला सहसा मिळत नाही.

*सभा, शाळा आणि सोहळ्यांचे यजमान.* निवडणुकांची, लग्नांची, जत्रांची आणि परीक्षांची आपली वेळापत्रके उन्हाळ्यावर येऊन आदळतात. गर्दीला परवानगी देताना अग्निशामक दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र मागतात, तशी सावलीची, पाण्याची आणि वेळेची अट का असू नये? खारघरनंतर हा प्रश्न विचारायला कुठल्याही नव्या पुराव्याची गरज उरलेली नाही.

*रुग्णालये आणि डॉक्टर.* अहमदाबादच्या शारदाबेन रुग्णालयात प्रसूतिविभाग सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तापलेल्या गच्चीखाली नवजात बाळे उष्णतेने आजारी पडत होती. विभाग तळमजल्यावर आणला आणि ते प्रमाण घटले. एकाही बाळंतिणीला पत्रक वाटावे लागले नाही. रुग्णालयातल्या कुणाला तरी खोलीतली उष्णता हे आजाराचे कारण असू शकते हे सुचले, आणि ते सुचणे हीच त्या वॉर्डाची जागृती होती. मृत्यूचे कारण लिहिताना 'रुग्ण कुठे, किती वेळ, कोणत्या हवेत होता' हे विचारणारा डॉक्टरही याच पत्त्यावर राहतो.

*शहर बांधणारे.* झाड तोडण्याची परवानगी, फरसबंदी, इमारतींमधले अंतर, झोपडपट्टी पुनर्वसनातल्या खिडक्या हे सगळे रात्रीच्या तापमानाचे निर्णय आहेत, पण त्या फाइलींवर तापमान हा शब्दही नसतो. १९९५ च्या जुलैत शिकागोमध्ये उष्णतेने ७३९ जादा मृत्यू झाले. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली, तर एकीतला मृत्युदर दुसरीच्या दहापट होता. जिथे दुकाने, वर्दळ आणि ओळखीची माणसे होती तिथे म्हातारी माणसे घराबाहेर पडली आणि वाचली. जिथले रस्ते ओस होते तिथे ती दारे लावून आतच राहिली. शहराची रचना हाही उष्णतेवरचा उपचार असतो.

६. चार आक्षेप

पहिला : 'आपल्या लोकांना उन्हाची सवय आहे.' सवय ही शरीराची खरी प्रक्रिया आहे. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. पण याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि सुटलेली सवय काही आठवड्यांत ओसरते. अमेरिकेतील कामगार सुरक्षा यंत्रणेच्या निरीक्षणानुसार उघड्यावरच्या कामावर उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के पहिल्या काही दिवसांतच होतात. गावाहून काल आलेला, आजारातून उठून आज आलेला, सुट्टीनंतर परतलेला मजूर सर्वांत धोक्यात असतो, आणि नेमके त्यालाच पहिल्या दिवशी पूर्ण पाळी भरून दाखवायची असते. शिवाय सवयीला मर्यादा आहेत. म्हातारपण, मधुमेह आणि गरोदरपण यांच्यापुढे ती फार टिकत नाही.

दुसरा : 'अहमदाबादने तर जनजागृतीनेच मृत्यू कमी केले.' हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा राबवला आणि नंतरच्या एका अभ्यासाने त्यामुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळल्याचा अंदाज मांडला. पण त्या आराखड्यात फलक हा एक भाग होता. शहराच्या स्वतःच्या मृत्युनोंदींवरून इशाऱ्याची पातळी ठरली, एक अधिकारी जबाबदार नेमला गेला, डॉक्टर आणि आरोग्यसेविकांना प्रशिक्षण मिळाले, रुग्णवाहिका सज्ज झाल्या, पाण्याची सोय झाली. म्हणजे आधी महापालिका जागी झाली, मग तिने लोकांना हाक दिली. त्यानंतर देशभर आराखड्यांचे पीक आले. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये असे ३७ आराखडे तपासले. कोणत्या लोकांना धोका जास्त आहे याचे स्पष्ट मूल्यमापन फक्त दोन आराखड्यांत होते, आणि पैसा कुठून येणार याची चर्चा अकरांत. अहमदाबादचा फलक सगळ्यांनी उचलला, त्यामागची यंत्रणा फार थोड्यांनी.

तिसरा : 'काम थांबवणे देशाला परवडणार नाही.' काम आत्ताही थांबतेच आहे, फक्त त्याचा हिशेब मजुराच्या खात्यावर टाकला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार २०३० साली उष्णतेमुळे भारताचे ५.८ टक्के कामाचे तास बुडतील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके. प्रश्न तोटा होऊ द्यायचा की नाही हा नाही, तो कुणी सोसायचा हा आहे. त्याचे एक उत्तर 'सेवा' या महिलांच्या संघटनेने शोधले आहे. गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५०,००० महिला सदस्यांसाठी २०२४ मध्ये तिने असा विमा राबवला, की तापमान ठरलेल्या पातळीवर गेले की दावा न करता बुडलेल्या मजुरीचा काही भाग खात्यात जमा होतो. रक्कम छोटी आहे, पण तत्त्व मोठे आहे. 'बाहेर पडू नका' या सल्ल्याला पैशाचे पाठबळ मिळाले.

चौथा : 'मग माणसाची स्वतःची काही जबाबदारीच नाही का?' आहे. आणि लोकांना सांगण्यासारखे, त्यांना खरोखर माहीत नसलेलेही काही आहे. पण ते पन्हे-ताकाच्या यादीत सापडत नाही.

७. लोकांना खरोखर काय सांगावे

एक, उष्माघात ओळखणे. घाम थांबून त्वचा कोरडी पडली तरच उष्माघात, ही समजूत जीवघेणी आहे. श्रम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने चिंब असू शकतो. खरी खूण वागण्यातली असते : असंबद्ध बोलणे, तोल जाणे, चिडचिड, ओळख न पटणे. अशा माणसाला लोक प्यायलेला समजतात आणि बाजूला नेऊन बसवतात.

दोन, आधी गार करणे, मग हलवणे. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे सर्वांत मोलाची असतात. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर भरपूर पाणी ओतत राहावे, वारा घालावा, बर्फ असेल तर मानेला, काखेत आणि जांघेत धरावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. तापाची गोळी इथे कामाची नाही, कारण हा ताप वेगळ्या जातीचा आहे. एवढे प्रत्येक मुकादमाला, रिक्षाचालकाला, मंडळाच्या कार्यकर्त्याला आणि वर्गशिक्षकाला यायला हवे.

तीन, एकट्या माणसाचे दार वाजवणे. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे उष्णतेने गेली, त्यांत बहुसंख्य वृद्ध होते आणि पुष्कळ जण एकटे राहत होते. त्यानंतर तिथल्या नगरपालिका एकट्या वृद्धांची नोंदवही ठेवू लागल्या आणि लाटेच्या दिवसांत त्यांची चौकशी करू लागल्या. पुण्या-नागपुरात वरच्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये आईवडील आणि मुले अमेरिकेत, अशी घरे आता अपवाद राहिलेली नाहीत. अशा सोसायटीला पाणी पिण्याच्या संदेशापेक्षा दुपारी एक फेरी मारणारा शेजारी जास्त उपयोगाचा.

या तिन्ही गोष्टींत एक साम्य आहे. त्या स्वतःला जपण्यापेक्षा दुसऱ्याला वाचवण्याविषयी आहेत. तापलेल्या माणसाचा मेंदू आधी गोंधळतो, त्याला स्वतःचा धोका कळेनासा होतो. त्यामुळे उष्णतेबाबतची जागृती मुळातच शेजारच्या माणसाला करावी लागते.

८. मोहिमेची परीक्षा

आज जनजागृती मोजली जाते ती फलक किती लागले, पत्रके किती वाटली आणि बैठका किती झाल्या यावर. हे मोजमाप बदलले तर मोहीमही बदलेल. जिल्हाधिकाऱ्याला मेअखेर चार प्रश्न विचारावेत. जिल्ह्यातल्या किती कामांवर पाळीची वेळ प्रत्यक्ष बदलली आणि मजुरी तेवढीच राहिली? किती साइटवर सावली, पाणी आणि बायकांसाठी शौचालय सापडले? तापलेल्या आठवड्यांत एकूण मृत्यू नेहमीपेक्षा किती वाढले, हे कुणी मोजले? आणि किती निविदांमध्ये या गोष्टींचा खर्च आधीच धरलेला होता?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. सरकार स्वतःच या राज्यातला एक मोठा कामदाता आहे. रस्ते, धरणे, मेट्रो, रोजगार हमी, सगळे त्याच्याच निविदांनी चालते. ज्या खात्याच्या कंत्राटात मे महिन्यातल्या दुपारच्या विश्रांतीचा एक रुपयाही नाही, त्या खात्याने चौकात लावलेला 'दुपारी बाहेर पडू नका' हा फलक नागरिकाला केलेला उपदेश आहे आणि स्वतःच्या जबाबदारीतून काढलेली पळवाटही. फलक लावायला हरकत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तो छापण्याआधी त्या खात्याने स्वतःची निविदा वाचावी. कारण मजुराने उन्हात किती वेळ उभे राहायचे, हे त्या कागदावर ठरते.